त्र्यंबकला न गेलेल्या आम्ही तिघी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आम्हा तिघींपैकी कुणाला ओळखत नाही.

सुनंदा, मेधा आणि मी ठाण्यात एकाच शाळेत शिकवायचो. निवृत्तीनंतर दरवर्षी कुठेतरी जायचो, आणि आखणी माझी. कमी खर्चात कसं फिरायचं हे मला कळतं – निदान तसं मला वाटायचं. चार वर्षांपूर्वी नाशिकला वाइन चाखायला जायचं ठरलं. गर्दीचे वार टाळून मंगळवार धरला, कल्याणहून एसटी, स्टँडजवळचं साधं लॉज, तिघींत मिळून चाखायचे दोनच संच – महिनाभर खपले मी. सुनंदाच्या घरी वाइनचं नाव काढायची सोय नव्हती. तिने नवऱ्याला त्र्यंबकेश्वर सांगितलं.

तिथे सुनंदा इतकी खुलली. पेला नाकाशी धरून म्हणाली, याला पिकल्या पेरूचा वास येतोय. चाखवणारी मुलगी म्हणाली, अगदी बरोबर.

मी हात धुऊन परतले तेव्हा दोघी द्राक्षमळ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. मेधा हसत म्हणत होती, "पुढच्या वेळी आपण दोघीच येऊ, नीट हॉटेलात राहू. हिच्याबरोबर म्हणजे शाळेची सहल." आणि सुनंदा – माझी सुनंदा – म्हणाली, "तिला कळू देऊ नकोस हं, बिचारी."

बिचारी. नुसत्या हसल्या असत्या तर चाललं असतं. पण कीव? आणि तीही पाठीमागे?

मी काही न ऐकल्यासारखी जाऊन बसले. दोघींचे फोटोही काढले.

आठवड्याने नौपाड्यात भाजी घेताना सुनंदाचे यजमान भेटले. "काय बाई, त्र्यंबकला दर्शन नीट झालं ना?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. मी म्हणाले, "त्र्यंबक? आम्ही तर वाइन प्यायला गेलो होतो. सुनंदा बोलली नाही?" आणि वर – "माझं नाव नका हो सांगू."

चुकून निघालं, असं मी स्वतःला फार दिवस सांगत आले. चुकून नाही. ते समोरून येताना दिसले तेव्हाच माझं ठरलं होतं.

सुनंदाचं फिरणं तिथेच संपलं. घरात महिनाभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. माझ्याकडे येऊन रडली. "मेधानेच सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत नाही. हो ना गं?"

निदान तेव्हा तरी खरं सांगायचं? मी म्हणाले, "तिचा स्वभावच तसा."

मेधाने शपथा घेतल्या. सुनंदाने तिचे फोन उचलणं बंद केलं. पुढे मेधा डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेली.

गेल्या महिन्यात एका लग्नात तिघी समोरासमोर आलो. मेधा दोन पावलं पुढे आली. सुनंदाने तोंड फिरवलं आणि माझा हात घट्ट धरला.

मी तो धरू दिला.