नणंदेची बोटं
निरगुडी उकळल्याचा वास आला की मला कुरवंड्यातली ती सकाळ आठवते. माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे गुडघे सुजून गरम झाले होते, आणि सासूबाई ते निरगुडीच्या पाल्यानं शेकत होत्या. आदल्या दिवशी तळेगावच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला सांध्यांचा त्रास आहे का. ते म्हणाले, हा संधिवात घरातल्या प्रत्येकाला होतोच असं नाही, पण त्याचा कल रक्तातून येऊ शकतो. सासूबाईंनी ठाम सांगितलं, "आमच्यात कुणालाच न्हाई." नणंदेची बोटं तर रोज सकाळी आखडायची, पण तिचं लग्न ठरलं होतं. पोरीला पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं मी काढलं, तशा त्या म्हणाल्या, "लगीन हुईस्तवर थांब. घराण्यातच रोग हाय म्हणतील, सोयरीक मोडंल." नणंद भांडी टाकून उठली. "आये, माझ्यापायी पोरीला लंगडी करतीस व्हय? वयनी, जावा तुमी. माझी बोटंबी सांगा डॉक्टरला." मी निघाले. उपचार वेळेत सुरू झाले. गावात बोभाटा झाला आणि लग्न मोडलं. आज मुलगी लोणावळ्यात कॉलेजला चालत जाते. नणंद घरीच असते. दोघींच्या गोळ्या मी एकाच खेपेत आणते.