ताफ्यामागची अक्का

लग्नसराईच्या दिवसांत आमची अक्का काम करता करता मध्येच थांबायची. तव्यावर दोसा असो, हातात नारळाची कवड असो, ती मान किंचित तिरपी करून उभी राही. चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत तेव्हा कुठून ना कुठून नागस्वराचा आवाज यायचाच. नागस्वर म्हणजे आपल्या सनईचा धिप्पाड थोरला भाऊ; दोन गल्ल्यांपलीकडे वाजलं तरी आपल्या न्हाणीघरात ऐकू येतं. अक्का क्षणभर ऐकायची आणि बहुतेक वेळा परत दोशाकडे वळायची. पण एखाद्या दिवशी तिचा चेहरा बदले. चुलीतलं लाकूड बाहेर ओढून ती मला म्हणे, "शके, चल. तोच आहे."

तो म्हणजे शिवाजीनगरचा मुनिस्वामी. शेजारी त्याचा धाकटा भाऊ तम्मय्या डोलू, म्हणजे ढोल, बडवायला. दोघांचाच ताफा, पण अक्काच्या लेखी अख्ख्या बंगळुरात दुसरा ताफा नव्हता. पन्नास ते साठची सगळी वर्षं आणि पुढचीही काही तिने या दोघांना ऐकण्यात घालवली, आणि तीही अनोळखी लोकांच्या लग्नांत, बिनबोलावता. सोबतीला मी.

अक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. खरं तर आत्या म्हणायला हवं, पण तीनशे वर्षं बंगळुरात काढलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत नाती मराठी आणि हाका कानडी. आमचे पूर्वज कुणा सरदाराच्या घोड्यांबरोबर इकडे आले असं अप्पा, म्हणजे माझे वडील, अभिमानाने सांगत. घोड्यांवर बसून आले की घोड्यांना चारा घालत, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही. अक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती आणि आमचं घर तिच्या हातावर चाललं होतं.

विधवेने मांडवात पुढेपुढे करायचं नाही, हा त्या काळचा दंडक. अक्काने तो मोडला नाही, वापरला. छत्रात, म्हणजे पुण्याकडचे ज्याला कार्यालय म्हणतात तिथे, शिरलं की ती थेट वाजंत्र्यांच्या मागे जाऊन भिंतीला टेकून बसे. नवरीकडच्यांना वाटे ही नवऱ्याकडची. नवऱ्याकडच्यांना वाटे आचाऱ्यांबरोबर आलेली. एकदा एका जरतारी बाईंनी तिला गाठलंच.

"तुम्ही कोणाकडच्या हो?"

"वाजंत्र्यांकडची," अक्का म्हणाली, आणि त्यांना हाताने जरा बाजूला सरकवलं, कारण त्या तम्मय्याच्या आड येत होत्या.

जेवणाच्या पानाला मात्र ती कधी शिवली नाही. "ऐकल्यानं काही उष्टं होत नाही. पण जेवलो तर ती चोरी." मी तत्त्वाला इतकी पक्की नव्हते. चिरोटीवर दूध ओतल्याचा आवाज माझ्या कानांना नागस्वराहून गोड वाटे. माझा आजचा घेर बराचसा त्या अनोळखी यजमानांच्या कृपेने उभा आहे.

मुनिस्वामीशी तिचं बोलणं असं काही नसे. आम्ही आत शिरलो की तो वाजवता वाजवता भुवई उचले आणि श्वास घ्यायला थांबला की म्हणे, "बंद्रा, अक्का?" म्हणजे आलात का. अक्का म्हणे, "सरी," म्हणजे बरं, "वाजव." एवढाच त्यांचा कित्येक वर्षांचा संवाद.

पण एक गोष्ट मला लहानपणी कळत नसे. आमच्याकडच्या लग्नांत मंगळसूत्र बांधायची घटका आली की पुरोहित बोट वर करून ओरडतात, "गट्टीमेळा! गट्टीमेळा!" त्यासरशी वाजंत्र्यांनी जीव खाऊन, जितक्या जोरात आणि जलद वाजवता येईल तितकं वाजवायचं. हेतू एकच, त्या घटकेला नवरा-नवरीच्या कानावर शिंक, रडणं, भांडण, कसलाही अशुभ आवाज पडू नये. साऱ्या मांडवाला आनंदाचं भरतं यायचं ते याच वेळी. आणि नेमकी याच वेळी अक्का डोळे मिटून माझं मनगट घट्ट धरायची. तिची बोटं गार पडलेली असत. मंगळसूत्राची तिसरी, शेवटची गाठ पडली की ती श्वास सोडी आणि म्हणे, "नाही थांबला. चल घरी."

मी जरा मोठी झाल्यावर तिने कारण सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता. तिच्या लग्नात पुरोहितांनी बोट वर केलं तेव्हा वाजवणारा नागस्वराच्या तोंडची पत्ती बदलत होता. डोलूवाला त्याची वाट बघत थांबला. मांडव गप्प. त्या गप्पपणात तिचा पाच वर्षांचा भाऊ, अक्काला आता हे लोक घेऊन जाणार हे एकदम कळून, हंबरडा फोडून रडला. सगळ्यांनी ऐकलं. वर्ष फिरायच्या आत अक्काचा नवरा विषमज्वराने गेला.

"गप्प बसणारी माणसं चालतात गं," अक्का म्हणाली. "गप्प बसलेला मांडव नको."

तो पाच वर्षांचा भाऊ म्हणजे अप्पा. आमच्या घरात अप्पांच्या परवानगीवाचून मांजरसुद्धा उंबरठा ओलांडत नसे. पण अक्का दोसा अर्धा टाकून परक्यांच्या लग्नाला निघाली की अप्पा वर्तमानपत्र जरा उंच धरीत. घरातल्या कुठल्याही लग्नात ते गट्टीमेळ्याच्या आधी उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहत. लोकांना वाटे, तपकीर ओढायला जातात.

पुढे पुढे अक्काच्या कपाळावर एक आठी दिसायला लागली. नवरदेव जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, उतरला की मुनिस्वामी एक सूर धरायचा आणि त्याच श्वासात नवरदेवाला मांडवापर्यंत आणून पोचवायचा. ही त्याची ख्याती. काही वर्षांनी तो सूर मांडवाच्या अलीकडे, पायरीपाशीच तुटायला लागला. मग फाटकापाशी. एका लग्नात नवरदेवाचा एक पाय अजून जटक्यातच होता. कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोक जोडे काढण्यात गुंतले होते.

"दम चोरतोय," अक्का माझ्या कानात म्हणाली. "गट्टीमेळ्यासाठी राखून ठेवतोय."

"आणि राखलेलाही संपला तर?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या दिवशी एकच चिरोटी खाल्ली.

माझं लग्न ठरलं तेव्हा घरात पहिला वाद हुंड्यावरून नाही, वाजंत्र्यांवरून झाला.

"बंगळुरात दुसरा ताफा नाही का?" अप्पा म्हणाले.

"आहेत की. पुष्कळ आहेत. मग मी मागे भांडी घासत बसते."

"अक्का, तूच म्हणालीस ना त्याचा दम संपत आलाय?"

"म्हणाले."

"मग? आणि पोरीच्या लग्नात जर..." कपाळावरचा घाम त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला.

"जन्मभर त्याच्या मागे बिनबोलावती गेले," अक्का म्हणाली. "एकदा मला त्याला बोलावू दे."

अप्पा तिला नाही म्हणू शकत नव्हते, आणि हे तिला ठाऊक होतं. तिने त्याचा फायदा घेतला, आयुष्यात एकदाच.

आमंत्रणाचा विडा विधवेच्या हातचा चालत नाही, म्हणून नारळ-सुपारीचं तबक घेऊन शिवाजीनगरला गेले मी स्वतः, अक्का नुसती सोबतीला. आपल्याच लग्नाचे वाजंत्री ठरवायला निघालेली नवरी बघायला गल्ली जमली. मुनिस्वामी दारातल्या खाटेवर बसला होता. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. तम्मय्याच आधी बोलला, "डॉक्टरांनी फुंकायचं नाही म्हणून सांगितलंय, अक्का. बेडा, नको."

"माझ्याने होणार नाही आता," मुनिस्वामीही म्हणाला. तबकाला त्याने हात लावला नाही.

"बाकी वेळ नुसता डोलू वाजू दे," अक्का म्हणाली. "तू फक्त गट्टीमेळ्यापुरता फुंक. स्वल्प. तेवढंच."

मुनिस्वामी बराच वेळ खोकला. मग त्याने मला विचारलं, "तुला भीती नाही वाटत, मुली?"

मी अक्काकडे पाहिलं आणि म्हटलं, "नाही." त्याने सुपारी उचलली.

पुढचं सांगण्याआधी वाचकांचा जीव भांड्यात पाडते. माझे यजमान या क्षणी शेजारच्या खोलीत घोरत आहेत, आणि त्यांचा दम कुठेही तुटत नाही. पण अक्का होती तोवर मी माहेरी गेले की ती आधी माझ्या गळ्याकडे बघायची आणि मग तोंडाकडे. ती माझ्या लग्नानंतर पुष्कळ वर्षं जगली. पुन्हा कुणाच्या लग्नाला गेली नाही. नागस्वर ऐकू आलं की उठून खिडकी लावून घेई, आणि आवाज थांबेपर्यंत कडीवरचा हात काढत नसे.

लग्नाच्या सकाळी डोलू एकटाच वाजत होता. "नुसता ढोल? लग्न आहे की दवंडी?" माझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. मुनिस्वामी मांडीवर नागस्वर आडवं ठेवून तम्मय्याशेजारी बसला होता. मागे भिंतीला टेकून अक्का. अप्पांना या वेळी बाहेर पळता येणार नव्हतं. कन्यादान त्यांनाच करायचं होतं.

पुरोहितांनी बोट वर केलं. "गट्टीमेळा! गट्टीमेळा!"

नागस्वर असं उसळलं की मंडपातली कबुतरं उडाली. इतकं भरून मुनिस्वामीला वाजवताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्या मानेशी नवऱ्याची बोटं चाचपडत होती. जगातल्या इतर नवऱ्या त्या वेळी लाजतात, मी श्वास मोजत होते. पहिली गाठ पडली. आणि सूर तुटला. ओसरला नाही, दोरा तुटावा तसा तुटला. तम्मय्याने भावाकडे पाहिलं आणि त्याचे हात हवेतच राहिले. मांडव गप्प झाला.

त्या गप्पपणात मला एकच आवाज ऐकू आला, अक्काचा. "बडव! बडव, तम्मय्या! थांबू नको!"

डोलू पुन्हा सुरू झाला, असा की जमीन हादरावी. दुसरी गाठ पडली, तिसरी पडली, अक्षता उडाल्या. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. अक्का पुढे सरकली होती. मुनिस्वामीची पाठ तिच्या खांद्याला टेकलेली, तिचा एक हात त्याच्या छातीभोवती, दुसऱ्या हाताने तिने त्याचं नागस्वर उभं धरलेलं. तिने आयुष्यभरात परपुरुषाला चुकूनही स्पर्श केला नव्हता. त्याची मान खाली होती, भोकांवर बोटं कुठे ठेवायची ते बघत असल्यासारखी. तम्मय्या त्याच्या तोंडाकडे बघत बडवत होता. त्याचे ओठ "अण्णा, अण्णा" असे हलत होते, पण स्वतःच्याच डोलूखाली त्यालाही ते ऐकू येत नसावं.

"वाजवणारा भलताच आळशी हो," सासूबाई म्हणाल्या. "चक्क टेकला की बाईला!"

अप्पांनीही पाहिलं होतं. अक्षतांची मूठ तशीच धरून ते उठायला गेले. अक्काने लांबूनच मान हलवली. नको. अप्पा बसले.

मग हार झाले, आरत्या झाल्या, आशीर्वाद झाले, आणि तेवढा वेळ डोलू थांबला नाही. लोक वाहवा करत होते. अखेर मंडळी पंगतीकडे वळली, तशी मी उठले आणि सरळ तिकडे निघाले. शेल्याची गाठ बांधलेली असल्याने नवरदेव मागून फरफटत आले. त्यांना वाटलं, अक्काच्या पाया पडायला निघालोय.

जवळ जाऊन मी वाकून पाहिलं. मुनिस्वामीचे डोळे अर्धे उघडे होते. अक्का माझ्याकडे बघतच नव्हती.

"तम्मय्या," ती म्हणाली, "झालं सगळं. आता रड."

तम्मय्या बडवतच राहिला.

"ऐकलंस ना? संपलं लग्न. आता रड."

त्याने तोंड उघडलं, पण त्यातून आवाज आला नाही. हात चालूच होते, गट्टीमेळ्याच्याच लयीत. अक्काचे दोन्ही हात मुनिस्वामीला सावरण्यात अडकले होते.

"शके, त्याचे हात धर गं," ती म्हणाली.

मी हळदीच्या हातांनी तम्मय्याचे हात धरले. डोलू थांबला. पण ते हात माझ्या हातांत कितीतरी वेळ वाजतच राहिले.