वीतभर वर

हेरियट गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी सेल्विन टलक राहतो. मेंढ्यांची लोकर कातरायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं आणि उरलेलं अर्धं लोकांना हेलिकॉप्टर बांधायला शिकवण्यात. स्वतःचं हेलिकॉप्टर मात्र वर्षानुवर्षं मागच्या शेडमध्ये तसंच पडून होतं. त्याच्या शेपटीवर नायरी, म्हणजे त्याची बायको, कांद्यांच्या जुड्या वाळत टांगायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

इकडे पृथ्वीच्या दक्षिण टोकाला कुणी शेडमध्ये हेलिकॉप्टर जुळवतंय याचं फारसं नवल वाटत नाही. कुणी होडी बांधतो, कुणी बायकोशी भांडतो, कुणी खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडत बसतो. हिवाळा लांबलचक असतो. सेल्विन उडवायला शिकला होता, परवानाही होता, दुसऱ्यांच्या यंत्रांवर त्याने आकाशही पाहिलं होतं. पण ते झालं भाड्याच्या घरासारखं.

इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत यायचं त्या काळात त्याने आपला चर्चागट काढला. नाव ठेवलं ‘वीतभर वर’. कारण घरी बांधलेलं यंत्र पहिल्यांदा उचलायचं ते वीतभरच, त्याहून जास्त नाही. गटाचे रिवाज सेल्विननेच घातलेले. पहिला रिवाज असा की गटातल्या दुसऱ्या माणसाने प्रत्येक नटाला हात लावून पाहिल्याशिवाय यंत्र जमीन सोडणार नाही. सरकारी तपासनीस सही करून गेला असला तरी नाही. दुसरा रिवाज, उडायचा दिवस आधी सांगायचा नाही. “एकदा दिवस सांगितला की माणूस वारा बघत नाही, इभ्रत बघतो,” असं सेल्विन लिहायचा.

त्यामुळे व्हायचं असं की, रोज बडबड करणारा एखादा माणूस अचानक गप्प झाला की बाकीचे समजून जायचे. एक तर मेला, नाहीतर उडणार. विचारायचं कुणी नाही. जो सगळ्यांत जवळ राहत असेल त्याने गाडीत पाने टाकायचे आणि निघायचं. असे कितीतरी लोक एकमेकांच्या अंगणात न बोलावता उतरले, नट तपासले, चहा प्यायले आणि जन्माचे मित्र झाले.

सेल्विनच्या प्रत्येक लिखाणाखाली एक ओळ ठरलेली असायची: ‘पिन घातली का?’ नट घट्ट केला की त्यातून आरपार एक छोटी पिन घालून तिची टोकं वाकवायची, म्हणजे थरथरून नट सुटत नाही. चिमूटभर तार, पण शेपटीकडच्या पंख्याची तीच राहिली तर माणूस भोवऱ्यासारखा फिरत खाली येतो. सेल्विनचा सगळा धर्म त्या पिनेत होता.

गट जोरात होता तेव्हा त्याने संगणकाला जोडून शेडमध्ये एक घंटा बसवली. गटात कुणी काही लिहिलं की घंटा वाजायची. सेल्विन हातातलं टाकून आत पळायचा, कुणाच्या तरी पट्ट्याचं, कुणाच्या तरी इंजिनाचं दुखणं निस्तरायचा, आणि परत येईपर्यंत जेवायची वेळ झालेली असायची.

“त्या घंटेशीच लग्न करायचं होतंस,” नायरी म्हणायची.

“ती स्वयंपाक करत नाही ना,” हा म्हणायचा.

मग हळूहळू घंटा थंडावली. भांडण नाही, तंटा नाही. काही जण त्या मोठ्या थोरल्या साइटवर गेले, जिथे हेलिकॉप्टर, नातवंडं आणि राजकारण एकाच रांगेत दिसतं आणि प्रश्नाला उत्तर म्हणून लोक अंगठा दाखवतात. सेल्विननेही तिथे डोकावून पाहिलं होतं. एकाने विचारलं होतं, पट्टा सैल पडतोय, काय करू? त्याखाली पुष्कळ अंगठे, एक हसरा चेहरा आणि दोघांची हमरीतुमरी. उत्तर कुणाचंच नाही. सेल्विनने संगणक बंद केला आणि शेडमध्ये निघून गेला.

त्याच्या गटात काही जण वारले, काहींनी यंत्रं विकली, काहींना गुडघ्यांनी दगा दिला. शेवटी गटात दोनच प्रकारचं लिखाण उरलं. एक, बुटांच्या आणि जुगाराच्या जाहिराती, ज्या कुठून तरी घुसायच्या. आणि दुसरं, सेल्विनचं सकाळचं. तो रोज चहा हातात घेऊन लिहायचा, ‘पश्चिमेचा वारा, टेकडी स्वच्छ, मेंढ्या बऱ्या. पिन घातली का?’ खाली कुणाचं उत्तर नसायचं. त्याला वाईट वाटायचं, पण सवय मोडवत नव्हती.

“आता तरी ते धूड पूर्ण कर,” एक दिवस नायरी म्हणाली. “घंटा वाजत नाही, म्हणजे तुला आता सबब पण नाही. आणि मला माझे कांदे दुसरीकडे टांगता येतील.”

खरं होतं ते. सेल्विनने कांदे उतरवले आणि कामाला लागला. इतकी वर्षं लोकांना सांगितलेलं सगळं हाताला पाठ होतं, यंत्र भराभर उभं राहिलं. उन्हाळा सरता सरता सरकारी तपासनीस येऊन सही करून गेला. त्यानंतर घोडं अडलं ते दुसऱ्या डोळ्यांपाशी. नटांना हात लावायला गटातलं माणूस हवं, आणि गटात माणूस कुठे होतं?

त्याने जुन्या तिघाचौघांना गटातूनच खाजगी निरोप टाकले. दिवस कळवायचा नाही, म्हणून नुसतं ‘कसा आहेस, कधी इकडे येणं होईल का?’ असं विचारलं. कुणाचं उत्तर आलं नाही. त्यांचे फोन नंबर त्याच्याकडे नव्हते, कारण कधी लागलेच नव्हते. मग रागारागाने त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘महिनाअखेर गट बंद करत आहे. कुणाची हरकत?’ घंटेची वाट पाहत तो शेडमध्ये एका नटाशी खेळत बसला. सही झाल्यानंतरही त्याला चैन नव्हतं, शेपटीकडचा सांधा उगीच उघडून ग्रीस लावत होता. आणि घंटा वाजली.

सेल्विन पाना टाकून आत धावला. जाहिरात होती. बुटांची.

“कोण होतं?” नायरीने विचारलं.

“कोणी नाही.” तो परत शेडमध्ये गेला, नट फिरवून घट्ट केला, दिवा मालवला आणि आत येऊन न जेवताच झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहा घेतला, पण वाऱ्याचं काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

“रुसलास होय?” नायरी म्हणाली.

“कुणावर रुसू? आहे कोण तिथे?” मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “वारा पडला की मीच उचलणार आहे. माझं मीच तपासलंय.”

नायरीने बशी खाली ठेवली. “तू दुसऱ्या कुणाला हे करू दिलं असतंस?”

“नसतं.”

“मग?”

“मग काय करू? मेंढ्यांना बोलावू तपासायला? नायरी, माझं वय बघ. अजून एक हिवाळा थांबलो तर तुझे कांदे परत चढतील त्याच्यावर.”

नायरीला नट कळत नव्हते, पण नवरा कळत होता, आणि तिला भीती वाटली.

एप्रिलातली सकाळ होती, म्हणजे इकडे हिवाळ्याची चाहूल. गवतावर दव गोठलेलं, आणि घरांच्या धुराड्यांतून निघालेला धूर सरळ वर जात होता. वारा अजिबात नव्हता. सेल्विनने ट्रॅक्टरने यंत्र ओढून कुरणात आणलं, शिरस्त्राण काखेत घेतलं, आणि एवढ्यात रस्त्याकडून खडी वाजली. एक चिखलाने माखलेली गाडी फाटक उघडून आत आली. तिच्या मागे आणखी एक.

पहिल्या गाडीतून लोकरी टोपी घातलेली, आडव्या बांध्याची बाई उतरली. रॅनफर्ली गावची कोरली. जनावरांच्या दवाखान्यात काम करायची आणि सेल्विनच्या मार्गदर्शनाखाली तिने स्वतःचं यंत्र बांधलं होतं. तिच्या हातात कापडाखाली झाकलेलं मोठं ताट होतं.

“आहेस की जिवंत,” ती म्हणाली.

“का, काय झालं?”

“काय झालं विचारतो. किती दिवस झाले, वाऱ्याचा पत्ता नाही, मेंढ्यांचा पत्ता नाही. मी म्हटलं, एक तर गेला, नाहीतर उडतोय. म्हणून चीज रोल केले. मयताला पण चालतात, आनंदाला पण.”

मागच्या गाडीतून रावीरी उतरला. रिव्हर्टनला मासेमारीच्या बोटींची इंजिनं बघतो. एवढा धिप्पाड की त्याच्या यंत्रात शेजारी बसायला जागाच उरत नाही. “मी काळा कोट आणलाय आणि पाने पण,” तो म्हणाला. “कोट गाडीतच राहू दे.”

सेल्विन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. “तुम्ही वाचता?”

“रोज,” कोरली म्हणाली. “चहाबरोबर. तुझ्या मेंढ्या बऱ्या आहेत हे कळल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.”

“मग एक अक्षर का लिहिलं नाहीत कधी? मी गट बंद करतोय म्हणून लिहिलं, तेव्हासुद्धा?”

दोघंही बुटांकडे बघू लागले. शेवटी रावीरी म्हणाला, “पासवर्ड विसरलो, बाबा. लिहायला, खाजगी निरोप उघडायला पासवर्ड लागतो. गट नुसता वाचायला लागत नाही.”

“मग नवा मागायचा.”

“मागितला. तो जातो माझ्या जुन्या कंपनीच्या पत्त्यावर. कंपनी बुडाली त्याला किती वर्षं झाली. पासवर्ड कुत्र्याचं नाव होतं एवढं आठवतं. पण कुत्री पुष्कळ झाली.”

“माझा जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला,” कोरली म्हणाली. “तुला विचारायची लाज वाटली. इतक्या वर्षांनी तोंड उघडायचं ते किल्ली हरवली म्हणून? जेराल्डिन गावचा डेसमंड भेटला होता जत्रेत, त्याचंही तेच. सगळ्यांचं तेच असणार. आम्ही सगळे बाहेर उभे, खिडकीतून बघतोय.”

नायरी पायरीवर उभी होती. ती हसायला लागली आणि तिला ते आवरेना. सेल्विनला हसावं की रडावं कळेना. म्हणून तो म्हणाला, “आलाच आहात तर हात लावा नटांना.”

कोरलीने टोपी मागे सारली आणि नाकापासून सुरुवात केली. एकेक नट, बोटाने, न बोलता. रावीरी दुसऱ्या बाजूने. सेल्विन हात पाठीशी बांधून मागे मागे चालत होता, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. दोघं शेपटीपर्यंत पोचले. पंख्याच्या सांध्यापाशी कोरलीचं बोट थांबलं. ते तिथेच राहिलं.

“सेल्विन,” ती हळू म्हणाली, “तू सगळ्याच्या खाली काय लिहितोस रे?”

त्याला पुढे जाऊन बघायची गरज पडली नाही. तरी तो गेला. नट घट्ट होता, चकचकीत होता, ग्रीस लावलेलं होतं. आणि आरपार भोकातून पलीकडचं गवत दिसत होतं.

सेल्विन उलट्या बादलीवर खाली बसला. “बुटांची जाहिरात,” तो म्हणाला. “घंटा वाजली. मला वाटलं, तुमच्यापैकी कुणीतरी.” नायरी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

मग रावीरीने शेडमधून पिन आणली, सेल्विनच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “घाल. गुरूला सोडून आम्ही घातली तर पाप लागेल.”

सेल्विनने पिन घातली, टोकं वाकवली. कोरलीने पुन्हा बोट लावलं. मग तिने पूर्ण यंत्र पहिल्यापासून परत तपासलं आणि कुणी हरकत घेतली नाही.

वारा अजूनही पडलेला होता. इंजिन धडधडलं, पंखे फिरले, दव उडालं, मेंढ्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींना चिकटल्या. यंत्राचा डावा पाय उचलला गेला, मग उजवा. गवत आणि लोखंड यांच्यामध्ये उजेड दिसला, वीतभर. सेल्विन तिथे टांगलेला राहिला, ओठ घट्ट मिटून, आणि मग इतक्या हळू खाली आला की केव्हा टेकला ते नायरीला कळलंच नाही.

“एवढंच?” ती म्हणाली. “इतकी वर्षं एवढ्यासाठी?” पण डोळे पुसायला तिने एप्रनच वापरला.

चीज रोल गरम करून सगळे स्वयंपाकघरात बसले. सेल्विनने संगणक पुढ्यात ओढून कोरलीला आणि रावीरीला नव्या किल्ल्या करून दिल्या. रावीरीला त्याने पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवायला लावला. मग गटात स्वतःचा फोन नंबर टाकला आणि लिहिलं: ‘खिडकीबाहेर उभे असाल त्या सगळ्यांनी फोन करा, दार उघडून देतो. आज वारा नाही. मेंढ्या घाबरल्या आहेत. वीतभर वर. माझी पिन राहिली होती.’

महिनाअखेर आली आणि गेली. बंद करण्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. गट पूर्वीसारखा भरला असं नाही, पण डेसमंडने फोन केला, नेल्सन शहरातल्या एका विधवा बाईने नवऱ्याचं यंत्र कुणाला द्यावं ते विचारलं, आणि टिमारूच्या एका मुलीने चित्रासकट पहिला प्रश्न टाकला, पट्टा सैल पडतोय म्हणून.

तो प्रश्न आला त्या दुपारी सेल्विन शेडमध्ये शेपटीपाशी वाकलेला होता. घंटा वाजली. मग पुन्हा वाजली.

“अरे, वाजतेय ती,” नायरी खिडकीतून ओरडली. “माणूस आहे या वेळी. बूट नाहीत.”

“वाजू दे,” आतून आवाज आला. “पिन घालून येतो.”