ऋचा खाजगीवालेचं फुकटचं काम

ऋचा खाजगीवाले काय करते, याचं उत्तर तिच्या वडिलांनी कायमचं ठरवून टाकलं होतं. श्यामसुंदरराव निवृत्त मुख्याध्यापक; विचारणाऱ्याला सांगत, "आठवडाभर पगाराचं करते आणि रविवारी फुकटचं."

फुकटचं म्हणजे एक प्रॉक्सी. कचेरीच्या दारातला शिपाई जसा आलेल्याला थेट साहेबाकडे न सोडता योग्य टेबलाकडे धाडतो, तसं सर्व्हरच्या दारात उभं राहणारं सॉफ्टवेअर. जगभरातली माणसं ते मिळून लिहितात आणि कोणीही वापरतं. बुधवार पेठेतून जुने राउटर आणून घरभर पसरणाऱ्या ऋचाला पुढे क्लाउड नेटवर्किंगची नोकरी लागली आणि तिथेच या प्रॉक्सीतली एक चूक सापडली. तिनं दुरुस्ती पाठवली. ती परत आली. सुधारून पाठवली, पुन्हा परत, आणि कारणही एका ओळीत. दुसरी कोणी रडली असती. ऋचा पुण्यात वाढलेली, तिला अगदी घरच्यासारखं वाटलं. काही वर्षांनी इतरांच्या दुरुस्त्या परत पाठवणाऱ्या मोजक्या राखणदारांत तीही बसली. कुणाच्या ओळखीनं न मिळालेलं तिचं हे एकमेव पद.

कंपनीला त्याचा अभिमान होता, विशेषतः ग्राहकांसमोर. अशाच एका ग्राहकाला तिचा मॅनेजर दिग्विजय शब्द देऊन बसला: पलीकडच्या सर्व्हरनं उत्तर दिलं नाही, तर प्रॉक्सी उत्तर मिळेपर्यंत विचारतच राहील.

"अरे, तो सर्व्हर आधीच धापा टाकतोय," ऋचा म्हणाली. "स्वारगेटला भरलेल्या बसमध्ये मागून आणखी शंभर माणसं रेटायची, त्यातला प्रकार."

"पण प्रोजेक्ट आपलाच आहे ना?"

"नाही. मी तिथे आहे, एवढंच."

"मग हा बदल मंजूर कर की."

"आपल्याच कंपनीचं मला मंजूर करता येत नाही. आणि आलं असतं तरी केलं नसतं."

दिग्विजयनं वाद घातला नाही. त्यानं तो बदल स्वतःच्या नावानं जगासमोर टाकला आणि टीमच्या ग्रुपवर लिंक पाठवली. जेवणं आटोपेपर्यंत त्या बदलाखाली कौतुकाच्या अंगठ्यांची रांग लागली. सोसायटीच्या सभेत हात वर करून ठराव होतो, तसं इथेही होत असावं, असा त्याचा प्रामाणिक समज.

"शुभंकर, तू वाचलंस तरी का ते?" ऋचानं शेजारच्या टेबलावर विचारलं.

"नाही मॅम. सर म्हणाले, सपोर्ट करा."

तेवढ्यात जर्मनीतल्या एका राखणदारानं अत्यंत सभ्यपणे लिहिलं: ही सगळी मंडळी एकाच कंपनीतली आहेत का?

ऋचानं कपाळावर हात मारला. आता गप्प राहिलं, तर इतक्या वर्षांचा शब्द मातीमोल. बोललं, तर अप्रेझल तोंडावर. तिनं लिहिलं: "होय, माझ्याच कंपनीतली. या बदलानं आजारी सर्व्हर मरेल. नामंजूर."

दिग्विजय तिच्या टेबलाशी आला. "सगळ्या जगासमोर?"

"जगासमोर तूच टाकलंस."

"ठीक आहे. आपण आपली वेगळी प्रत काढू आणि त्यात घालू."

"ती सांभाळणार कोण?"

"तूच. दुसऱ्या कोणाला येतंय?"

म्हणजे रविवारही गेला. घरी श्यामसुंदररावांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तरी पगाराचं ना?"

सोमवारी त्या प्रतीत पहिला बदल दिग्विजयचाच आला. तिनं तो परत पाठवला, कारण एका ओळीत.