नळीतला आकडा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल, किंवा आता सांगितल्याने माझं फारसं काही बिघडणार नाही म्हणून असेल – ही दुसरी शक्यता जास्त खरी आहे.

मी दिग्रसच्या हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतर दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. गावात सायन्सचा पदवीधर मी एकटाच. वडील कचेरीत, काका वकील, घरात सगळे लिहिणारे-वाचणारे. त्यामुळे कोणाचा रेडिओ खरखरला, कोणाच्या विहिरीचं पाणी खारट लागलं, तरी विचारायला माझ्याकडे येत. निम्म्या वेळा मला उत्तर ठाऊक नसायचं. पण मी ते द्यायचो. मास्तरला माहीत नाही, हे वाक्य त्या काळी माझ्या तोंडून निघतच नव्हतं.

मोटारस्टँडमागे हबीबमिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार टिनं आणि एक खड्डा. पुसदकडून येणाऱ्या गाड्या तो त्या खड्ड्यावर उभ्या करायचा आणि खाली उताणा पडून दुरुस्त करायचा. चाळिशी नुकतीच ओलांडलेला, पाठीने बेजार. शिक्षण चौथी. पण बॅटरीचं काम तालुक्यात त्याच्यासारखं कोणी करत नसे. बॅटरीतलं ऍसिड मोजायची एक काचेची नळी असते – वरती रबरी फुगा, आत तरंगता काटा, त्यावर आकडे. बॅटरी भरलेली असेल तर काटा वर येतो, उतरली असेल तर बुडतो. मिस्त्री ती नळी नुसती उजेडाकडे धरायचा आणि आकडा सांगून मोकळा व्हायचा.

या माणसाने एक गाडी केली. मोडक्या जीपचा सांगाडा, जुन्या बसमधले दोन डायनामो आणि सीटखाली बॅटऱ्या. पेट्रोल नाही, आवाज नाही. गावाच्या टोकाला टेकाडावर एक जिन होतं, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना, आणि सरकीचं गोदाम खाली सडकेला. मधला सगळा उतार. जिनवाल्या शेठजींना आगीची भारी धास्ती. सायलेन्सरमधून ठिणगी उडेल म्हणून ते मोटार आवारात येऊ देत नसत. मिस्त्रीचं म्हणणं असं की सरकीची पोती खाली न्यायला ही गाडी घ्या. ठिणगी नाही, आणि वरून उताराला जाताना गाडी आपली बॅटरी आपणच थोडी भरून घेते.

हे शेवटचं वाक्य वाचनालयात माझ्या कानावर आलं. तिथे संध्याकाळी आमची बैठक असायची – काका, डॉक्टर, पोस्टमास्तर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपर खाली न ठेवता म्हणालो, "साप स्वतःची शेपटी खाऊन जाड होत नसतो."

काय हशा पिकला! उचलली जीभ लावली टाळ्याला, पण त्या संध्याकाळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. दोन दिवसांत ते वाक्य गावभर झालं. काकांनी कोर्टात सांगितलं, डॉक्टरांनी पेशंटांना. पोरं मिस्त्रीला शेपटीवाले मिस्त्री म्हणायला लागली. आणि माझं ते बोलणं लोकांना शास्त्र वाटलं.

मिस्त्री मला भेटायला शाळेत आला. रागावला नव्हता. वर्गाबाहेर चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तरसाब, मी कोठी म्हणून राह्यलो का गाडी फुकट चालते? तुमी उताराले ब्रेक मारता. लायनर गरम होते, जळल्याचा वास येते. ते काय जळून राह्यलं? बैलांनं कापूस टेकाडावर चढवला, त्याची मेहनत जळून राह्यली. ते कायले जळू द्यायचं? डायनामो चाकानं फिरवा, ब्रेकचं ब्रेक होते अन् करंट वापस येते."

मी फळ्याकडे पाठ करून उभा होतो. फळ्यावर माझ्याच हाताने काढलेली डायनामोची आकृती होती. त्याला वीज दिली की तो फिरतो, त्याला फिरवलं की तो वीज देतो – हे मी दरवर्षी मॅट्रिकच्या पोरांना शिकवायचो. इतकी वर्षं शिकवून मला जे सुचलं नव्हतं, ते या माणसाला खड्ड्यात उताणं पडून ब्रेकचा वास घेताना सुचलं होतं. भरलेली गाडी खाली येणार, रिकामी वर जाणार. हिशेब इतका सरळ होता की मला तिथल्या तिथे पटला. हे नीट ऐका – मला पटला होता. पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं मला म्हणता येणार नाही.

मी काय म्हणालो? "बघू."

शेठजी सावध माणूस. त्यांनी शब्द दिला की गाडीचं खरं ठरलं तर अशा चार गाड्या करून घेऊ, आणि मिस्त्रीला जिनातच शेड देऊ, कायमचं काम. मिस्त्रीला ते किती हवं होतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला बसखाली पडायचं थांबवायचं होतं. कंबर धरून तो उठायचा, तेव्हा बघणाऱ्यालाही कळ यायची. गाडीपायी त्याने त्या हंगामातली बरीचशी दुरुस्ती परत पाठवली होती.

पण खरं ठरवणार कोण? मिस्त्री स्वतः मोजणार नाही, तो एक पक्ष. शेठजींना नळी वाचता येत नाही. तेव्हा आमच्याकडे होतं तसं ठरलं – पंच नेमायचा. शेताचा बांध असो की सोयरिकीतला रुसवा, दोघांनी मिळून एक माणूस मानायचा आणि त्याचा शब्द आधीच कबूल करायचा. मागाहून तक्रार करणारा माणूस गावातून उठतो. मिस्त्रीने पंच म्हणून माझं नाव घेतलं. माझं! लोक म्हणाले, अरे, हे तर तुझ्या विरोधात बोलले. तर म्हणाला, "म्हणूनच त पायजे. जो नाई म्हणते, त्यानं हो म्हटलं का मंग कोनाची शंका राह्यत नाई." आणि जिनाच्या आवारात, हमालांसमोर, गाडीवानांसमोर त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, मास्तर सांगतील तो आकडा मले मंजूर.

दोन दिवस परीक्षा झाली. पहिल्या दिवशी करंट वापस नेणारी तार काढून ठेवली. भरलेल्या गाडीने खाली बारा खेपा, रिकाम्या गाडीने वर बारा. सकाळी काटा बाराशे पन्नासवर होता, दुपारी बाराशे ऐंशीच्या – चुकलो – अकराशे ऐंशीवर आला. तो आकडा मी खरा सांगितला. बॅटऱ्या पुन्हा भरल्या. दुसऱ्या दिवशी तार जोडली, तितकीच पोती, तितक्याच खेपा. उताराला गाडी हमालांनी धरून ठेवल्यासारखी सावकाश येत होती, ब्रेकला पाय न लावता. गाडीवान लोक तोंडात बोट घालून बघत होते. वाचनालयातली मंडळीही आली होती. काका मला बघून हसले आणि हाताने सापासारखं वळवळून दाखवलं.

दुपारी मी बॅटरीचं टोपण काढलं. नळी आत घातली, फुगा दाबला, सोडला. ऍसिड वर आलं. काटा हलला आणि स्थिर झाला.

बाराशे पंचवीस.

माझ्या डोळ्यांसमोर काय होतं सांगू? मिस्त्री नव्हता, शेठजी नव्हते. मला फक्त काकांचा तो हात दिसत होता. मी बाराशे पंचवीस म्हणालो असतो तर संध्याकाळी वाचनालयात काय झालं असतं? चार लोक हसले असते. बस, एवढंच. चौथी शिकलेला मिस्त्री बरोबर आणि बी.एस्सी. मास्तर चूक, असं आठवडाभर गाव बोललं असतं आणि विसरलं असतं. एवढ्यासाठी.

"अकराशे पंच्याऐंशी," मी म्हणालो. "फरक नाही म्हटलं तरी चालेल."

मिस्त्री माझ्या खांद्याशीच उभा होता. त्याने नळी पाहिली होती. त्याला नळी पाहायला निमिषही लागत नसे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मास्तरसाब, अजून एक डाव पाह्यता का?"

पाहा, त्याने मला वाट दिली होती. वाचण्यात चूक झाली, उजेड नीट नव्हता – काहीही म्हणता आलं असतं, आणि कोणी हसलंही नसतं. मी पुन्हा फुगा दाबला. पुन्हा काटा तिथेच येऊन थांबला. मी चष्मा पुसला, नळी उजेडाला धरली, सगळं साग्रसंगीत केलं.

"अकराशे पंच्याऐंशी."

पहिल्यांदा घाबरून बोललो असं एखादा म्हणेल. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा मी विचार करून बोललो.

आवारात कोणीतरी शेपटी म्हणालं आणि हशा झाला. शेठजी चुकचुकले. मिस्त्रीने टोपण लावलं, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठीक हाय. जबान देल्ली होती, मंजूर हाय." माझ्याशी वाद घालायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. पण पंचाला खोटं म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. त्या भरवशावरच तर मी बोललो होतो.

गाडी त्याने महिनाभरात मोडली. डायनामो परत बसमध्ये गेले, तो परत खड्ड्यात गेला. माझं मात्र नाव झालं. गावाला फसवणुकीतून वाचवलं म्हणून शेठजींनी शाळेच्या संमेलनात माझा हार घालून सत्कार केला. मी तो घेतला. रात्री झोपही लागली, खोटं कशाला सांगू.

यापुढचं सांगायला मला जास्त जड जातंय.

दोनेक वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मिस्त्री आता नळी एकट्याने वाचत नाही. बॅटरी मोजली की शेजारच्या शिंप्याला हाक मारतो, "पाह्य रे, किती दाखवते?" शिंप्याने सांगितलं की मगच गिऱ्हाइकाला आकडा सांगतो. मी सायकलला ग्रीस लावून घ्यायला गेलो होतो. न राहवून विचारलं, हे काय मिस्त्री?

तो हसला. मनात काही ठेवून हसणारा माणूसच नव्हता तो. म्हणाला, "काय सांगू मास्तरसाब. जिनातल्या त्या दिवशी मले साफ बाराशे पंचवीस दिसलतं. दोनी डाव. आता तुमी शिकलेले, तुमी कायले खोटं बोलसान? तवापासून मले माह्या डोयाचा भरोसा नाई राह्यला."

दुकानात आम्ही दोघंच होतो. काका नव्हते, शेठजी नव्हते, हसायला कोणी नव्हतं. मी त्याला एवढंच सांगायला हवं होतं की तुमचे डोळे बरोबर होते. त्याने मला मारलं नसतं, गावात सांगितलंही नसतं. बहुधा चहा मागवला असता.

मी म्हणालो, "वयाप्रमाणे होतं असं, मिस्त्री. एकदा चष्मा करून घ्या."

पुढच्या आठवड्यात तो दुकान बंद ठेवून यवतमाळला गेला आणि चष्मा करून आला. काळी जाड फ्रेम, एका कानाला टोचणारी. शाळा सुटायच्या वेळी तो मला दाखवायला फाटकाशी येऊन उभा होता, ग्रीसचे हात पँटला पुसत. विचारलं, "कसा दिसते, मास्तरसाब?"

मी म्हणालो, "शोभतो तुम्हाला."