रजेचे रविवार

घरातला कर्ता माणूस चार दिवस गावाला गेला, की जेवढे किस्से घडतात तेवढे तो घरात असताना चार वर्षांत घडत नाहीत. आमच्या मंडळीत तर सगळे कर्ते एकेक करून रजेवर गेले. त्यामुळे आता उपासनेनंतर दोघे जण चहाला उभे राहिले, की तिसरा येऊन विचारतोच, “तो किल्ल्यांचा प्रसंग यांना सांगितला का?”

आमचे चर्च डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. सत्तरेक कुटुंबे. पाळकसाहेब बावीस वर्षे सेवा करून निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी एक तरुण पाळक यायचे होते. जाण्यापूर्वी त्यांनी आम्हा पंचांना, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना, बोलावून सांगितले, “नव्या माणसाला मला एक वाक्य लिहून द्यायचंय. या मंडळीत कुठलंही काम एकाच माणसावर अवलंबून नाही. आज लिहिलं, तर खोटं ठरेल.”

त्यावर त्यांनी उपायही काढला होता. प्रत्येक कामासाठी तीन-चार जणांचा गट करायचा, आणि ते काम आजवर एकट्याने ओढणाऱ्याने एक रविवार रजा घ्यायची. त्या दिवशी फोनसुद्धा घ्यायचा नाही. काय अडते ते गटाला आपोआप कळेल.

गाण्याचे काम माझे. एकतीस वर्षे पेटीवर बसून उपासनेतली भजने मी सांगत आलो. शाळेत एक दिवसही शिकवले नाही, तरी या भजनांमुळे सगळे मला मास्तर म्हणतात. मी म्हणालो, “माझी रजा सगळ्यात शेवटी ठेवा.” माझ्यावाचून गाणे अडेल, अशी मला काळजी होती. ते अडले नाही तर काय, ही काळजी मात्र मी कोणाला बोलून दाखवली नाही.

*

पहिली रजा पाळकसाहेबांनी स्वतः घेतली. सकाळी नऊ वाजता सगळी मंडळी फाटकाबाहेर उभी, आणि फाटकाला कुलूप. ते नेहमी आठलाच येऊन उघडत असल्याने कुलूप कसे दिसते हेच बऱ्याच जणांना ठाऊक नव्हते.

“किल्ली किती जणांकडे आहे?” कोणीतरी विचारले.

“चौघांकडे,” चिटणीस म्हणाले. “मीच दिल्या होत्या करून.”

चौघेही तिथेच उभे होते. पहिल्याने खिसे चाचपले आणि मान खाली घालून म्हणाला, “माझी हरवेल म्हणून मी पाळकसाहेबांकडे सांभाळायला दिली होती.” उरलेले तिघे त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांनीही तेच केले होते.

त्या दिवशीची उपासना आम्ही रस्त्यावर उभ्यानेच केली. समोरच्या इमारतीतल्या एका आजींनी गॅलरीतून शेवटपर्यंत ऐकली, आणि दुसऱ्या रविवारी आम्ही आत गेलेले पाहून विचारले, “आज बाहेर नाही का?”

*

आजाऱ्यांच्या भेटी एस्तेरबाई घेत. त्यांच्या रजेच्या रविवारी गटातल्या तिघी जणी दिवा स्टेशनजवळ मंडळीतल्या एका विधवा बाईंकडे गेल्या. त्या बाई महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. एस्तेरबाईंच्या वहीत पत्ता होता आणि पुढे लिहिले होते, ‘पाण्याचा दिवस टाळणे’. तिघींना त्याचा अर्थ लागला नाही, म्हणून त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले.

पोहोचल्या तर नळाला नुकतेच पाणी आलेले. चार दिवसांनी आलेले. सून एकटी, पिंपे रिकामी, जिन्यात बादल्यांची रांग. तिघींनी पदर खोचले. दीड तास पाणी भरले, आणि प्रार्थना झाली ती हातात बादली धरून, डोळे उघडे ठेवून, कारण मिटले तर पाणी सांडले असते.

निघताना आजारी बाईंनी खुणेने जवळ बोलावले. “एस्तेर येते ना, तेव्हा मला तासभर बोलावं लागतं,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही येत जा.”

हे एस्तेरबाईंना कोण सांगणार, असा प्रश्न पंचांपुढे आला. पाळकसाहेबांनी सांगितले. तिसऱ्या दिवशी एस्तेरबाईंनी वहीत ‘टाळणे’ खोडून ‘गाठणे’ लिहिले.

*

चहा शांतवनरावांचा. शंभर माणसांचा चहा ते डोळ्यांच्या अंदाजाने करीत. त्यांच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले दोघे आणि एक प्राध्यापिका. तिघांनी आदल्या दिवशी बैठक घेतली, दूध कोणी, पावडर कोणी, आले कोणी, सगळे कागदावर लिहिले. साखर कोणाच्याच नावावर लिहिली गेली नाही.

गंमत अशी, की एकाही माणसाने तक्रार केली नाही. बदलाचे दिवस होते. नव्या गटाचे हे काही धोरण असावे, असे समजून सगळ्यांनी तो चहा शांतपणे संपवला. एक गृहस्थ तर प्राध्यापिकाबाईंकडे जाऊन म्हणाले, “आम्हा मधुमेहवाल्यांचा विचार बावीस वर्षांत पहिल्यांदाच झाला. आभारी आहे.”

बाईंनी ते आभार स्वीकारले. तेव्हापासून आमच्याकडे दोन किटल्या असतात.

*

पाळकसाहेबांची मोठी प्रार्थनाही चौघांत वाटून दिली होती. आजाऱ्यांसाठी एक, विद्यार्थ्यांसाठी एक, देशासाठी एक, प्रवासात असलेल्यांसाठी एक. पण त्या आठवड्यात सॅम्युएल नावाचे आमचे एक बंधू जिन्यावरून घसरले होते, आणि त्यांचा गुडघा चौघांच्याही मनात बसला होता. देशासाठी प्रार्थना करणारासुद्धा शेवटी त्या गुडघ्यापाशीच आला.

पुढच्या रविवारी सॅम्युएल हजर. कसे आहे म्हणून विचारले, तर म्हणाले, “गुडघा बरा आहे हो. पण सगळे माझ्या चालण्याकडे बघतायत, म्हणून लंगडायची सोय राहिली नाही.”

*

माझी रजा मी तीनदा पुढे ढकलली. एकदा नाताळाची गाणी बसवायची होती, एकदा पेटीचा भाता दुरुस्तीला होता, आणि एकदा माझ्या गटातल्या सुशीलाताईंना एक चाल अजून पक्की आली नव्हती.

सुशीलाताई विठ्ठलवाडीहून येतात. शाळेत शिकवतात, पेटी वाजवतात, आवाज साधा पण खरा. तालमीत मी त्यांना दर दोन ओळींनी थांबवत असे. एकदा पाळकसाहेब मागे उभे राहून ऐकत होते. तालीम संपल्यावर म्हणाले, “मास्तर, तुम्ही शिकवता फार छान. सोपवत मात्र नाही.”

तो शब्द मला लागला. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो. लहानपणापासून मला ती रीत नम्रतेची वाटत आली, कारण तिथे नाव येते ते देवाच्या पायाशी. त्या संध्याकाळी घरी जाताना मात्र मी स्वतःला विचारले, एकतीस वर्षांच्या रविवारांवर मी माझे नाव कुठे घातले आहे? पायाशी, की मथळ्यावर?

पाळकसाहेबांचा शेवटून दुसरा रविवार आला. त्यांच्या त्या वाक्यात अडसर होता तो फक्त माझा.

*

“तुम्ही घरी राहायचं नाही,” पाळकसाहेबांनी मला सांगितले. “शेवटच्या बाकावर बसा. पुढे यायचं नाही, खूण करायची नाही. नजरेनंसुद्धा.”

शेवटच्या बाकावर मी आयुष्यात बसलो नव्हतो. शेजारी याकोब होते. कारखान्यातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. इतकी वर्षे पेटीवरून मला ते दिसत, ओठ मिटलेले, हाताची घडी. त्या बाकावरचे सगळेच पुरुष तसे. त्यांची भक्ती कोरडी, असे मी मनात ठरवून टाकले होते.

पहिले भजन माझ्याच चालीचे होते. सुशीलाताईंनी सूर धरला आणि मी दचकलो. माझ्या पट्टीपेक्षा चांगले दोन-तीन सूर खाली. चुकल्या, असे वाटून माझा हात वर जाऊ लागला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला.

धृपद आले आणि माझ्या दोन्ही बाजूंनी आवाज उठला. जाड, खडबडीत, पुरुषी आवाज. सगळा बाक गात होता. पुढचा बाकही. याकोब डोळे मिटून, मान डोलावत गात होते आणि त्यांना सगळी कडवी पाठ होती. माझी उंच पट्टी त्यांच्या गळ्याला कधी झेपलीच नव्हती.

मीही तोंड उघडले. पण इतक्या खाली मी कधी गायलो नव्हतो, मला सूर सापडेना. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, आणि गप्प राहिलो.

याकोबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मग गीतांचे पुस्तक उघडले, माझ्या मांडीवर ठेवले आणि ओळीखाली बोट धरले.

“इथं आहे, मास्तर,” ते म्हणाले. “सोपं आहे. माझ्यामागून म्हणा.”