लाल दोऱ्याचा कोंबडा

मी देवाचा कोंबडा सासऱ्यांना खाऊ घातला. निदान पाव तास तरी माझी तशी पक्की समजूत होती.

लग्नानंतर सासरे पहिल्यांदाच पिशोरला आमच्या शेतावर येणार होते. मी वाळूजच्या कंपनीतून सुट्टी काढून आलेलो. आईच्या पंधरा-वीस गावरान कोंबड्या, त्यात एक तांबडा कोंबडा चांगला गुबगुबीत. रश्श्यासाठी एक धरायला गेलो तर बाकीच्या पळाल्या, हा स्वतःच माझ्याकडं चालत आला. (आई त्याला हातानं ज्वारी चारायची, हे मला काय माहीत!) पायात लाल दोरा होता. म्हटलं, बरं झालं, बांधायला कामी येईल.

आमच्याकडं कोंबडं कापायचं ते मुलाणीचाचांनीच. घरात कुणी सुरीला हात लावत नाय. तांबडा चाचांकडं टाकला आणि स्टँडवर सासऱ्यांना आणायला गेलो. येताना चाचांकडून मटणाची पिशवी उचलली. चाचा शेतात गेलेले, त्यांच्या सुनेनं दिली.

आईनं चुलीवर रस्सा केला. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि "झकास" म्हणाले. तेवढ्यात आई मुठीत ज्वारी घेऊन अंगणभर फिरायला लागली.

"तांबडा दिसंना रं."

"कोणचा तांबडा?"

"दोऱ्याचा. तू परमनंट झालास म्हणून म्हसोबाला बोललेला हाय त्यो. आमुश्याला न्यायचाय. फोनवर सांगितलं की तुला."

सांगितलं असेल. आईच्या फोनला मी नुसतं 'व्हय, व्हय' करतो. हातातला घास मी ताटात ठेवला. आधी आठवली नोकरी: देव खवळला तर उद्याच गेटवर अडवतील! मग आई. तिला कळलं असतं तर आठवडाभर जेवली नसती. "लई तिखट झालंय," असं पुटपुटून मी गाडीला किक मारली.

चाचा ओट्यावर बसलेले. शेजारी डालग्याखाली तांबडा, दोऱ्यासकट.

"दोऱ्याचा कोंबडा मी कापीन व्हय रे? माझाच एक कापून दिला. सुनेला म्हटलं सांग, ती विसरली."

मला रडूच आलं. मी चाचांचे पाय धरले.

"पाय सोड, कोंबडा धर," चाचा म्हणाले.

तांबडा काखेत घेऊन घरी आलो. "चाचांकडं गेल्ता," आईला सांगितलं. (खोटं थोडंच होतं?) ती त्याला चारायला बसली आणि माझा जीव भांड्यात पडला. सासरे हात धुऊन सुपारी कातरत होते.

"जावईबापू, कंपनीत तुम्ही नेमकं काय बघता?"

"माल तपासतो," मी म्हणालो. "चुकीचा नग माझ्या हातून पुढं जात नाय."